'घेणे', 'लूट' आणि 'फुकट' : व्हिडिओ खेळांच्या किमतीविषयीच्या तक्रारीची भाषा

व्हिडिओ खेळांच्या किमतीविषयी खेळाडूंची जी तक्रार आज सर्वत्र ऐकू येते, तिच्यात आकडा हाच मुख्य मुद्दा मानण्याची प्रथा पडली आहे. अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत दीर्घकाळ साठ डॉलरांच्या आसपास राहिली. २०२० साली ती सत्तरवर गेली आणि जून २०२५ मध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा खेळ ऐंशी डॉलरांना आला. आपल्याकडे प्लेस्टेशन-५ साठी सोनीने काढलेल्या 'डीमन्स सोल्स'ची किंमत ४,९९९ रुपये होती. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ सालची दैनिक मजुरी ३१२ रुपये ठरली होती. भोर किंवा वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यातील मजुराच्या हिशेबाने एक खेळ म्हणजे सोळा दिवसांचे श्रम होत. तेव्हा रागाला कारण आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. तथापि आकड्यापाशी थांबणारी ही टीका अपुरी राहते. आणि ती का अपुरी राहते, हे खेळाडूंच्या शब्दांतच शोधावयास हवे.

त्यांपैकी 'लूट' हा शब्द मोठा मनोरंजक आहे. संस्कृत 'लुण्ट्' धातूशी नाते सांगणारा हा शब्द हिंदीतून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत गेला आणि खेळांच्या परिभाषेत 'लूटबॉक्स' होऊन परत आला. मराठीत त्याच्या अर्थच्छटा मुळातच परस्परविरोधी आहेत. दसऱ्याला सोने लुटतात, आनंद लुटतात. उलट दुकानदाराने अवाच्या सवा पैसे घेतले की तीही लूटच. मैदानात उतरून शस्त्रे गोळा करणारा तरुण 'लूट चांगली मिळाली' म्हणतो, आणि त्याच खेळातील पोशाखाची किंमत पाहून 'ही तर लूट आहे' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात तो लुटणारा, दुसऱ्यात लुटला जाणारा. तोरण्यावर सापडलेले धन राजगडाच्या बांधणीस लागले, ही कथा वेल्ह्याच्या परिसरात सर्वांस ठाऊक आहे. खेळातील लूट मात्र डाव संपताच नाहीशी होते.

कन्सोलपेक्षा मोबाइलच हाती असलेल्या खेड्यांतून 'फ्री फायर' व 'बीजीएमआय' हे खेळ 'फुकट' म्हणून खेळले जातात. येथे किंमत नाहीशी झालेली नसते, तिचे नाणे तेवढे बदललेले असते. रुपये देऊन 'डायमंड' वा 'यूसी' घ्यावयाचे आणि ते देऊन वस्तू. आठवड्याच्या बाजारात भाव करता येतो, कारण विकणारा आणि घेणारा एकाच नाण्यात बोलतात. या दुकानात घासाघीस तर नाहीच, पण वस्तू रुपयांत कितीला पडली हे कळण्यासाठीही त्रैराशिक मांडावे लागते.

याहून अधिक विचार व्हावयास हवा तो 'घेणे' या क्रियापदाचा. मराठीत 'भाड्याने घेणे', 'उसने घेणे', 'विकत घेणे' असे प्रयोग आहेत; व्यवहाराचे स्वरूप क्रियापदामागील पदात असते. परंतु ते पद गाळले की मराठी भाषक 'विकत' हाच अर्थ घेतो. 'त्याने गाडी घेतली' या वाक्यात भाड्याची शंका कोणास येत नाही. 'गेम घेतला' हे वाक्यही याच वळणावर जाते, आणि येथेच ते वस्तुस्थितीला सोडते. कंपनी देते तो बहुधा परवाना असतो, तोही तिच्या अटींवर. जमिनीच्या बाबतीत मावळच्या शेतकऱ्याची भाषा इतकी गाफील नव्हती. मालकी वेगळी, वहिवाट वेगळी, खंडाने करणे वेगळे, हे तिला पक्के ठाऊक होते. १९४८ च्या कूळकायद्याच्या मागे हे सर्व भेद उभे आहेत. अर्थात कूळ जमीन कसतो, खेळाडू मन रमवितो. ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही.

व्यवहाराचे स्वरूप न विचारता आकड्याविषयी भांडले की कंपनी आकड्यानेच उत्तर देते. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळावर मोठा गहजब झाला. डार्थ व्हेडर हे पात्र ६०,००० क्रेडिटांना होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने ते १५,००० वर आणले आणि प्रकाशनाच्या आदल्या दिवशी खेळातील पैशांची खरेदी तूर्त थांबविली. मूळ प्रश्न विचारला तो बेल्जियमच्या जुगार आयोगाने : पेटीत काय निघेल हे ठाऊक नसताना पैसे देणे ही खरेदी की जुगार? एप्रिल २०१८ मध्ये त्याने अशा पेट्या बेकायदा ठरविल्या. खेळाडूंच्या संतापापेक्षा ही एक व्याख्या अधिक परिणामकारक ठरली, असे म्हणणे भाग आहे.

अलीकडे खेळाडूंची भाषाही बदलत असल्याची चिन्हे आहेत. युबिसॉफ्टने (या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे) २०१४ साली विकलेला 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती, त्यांच्या हाती चकती राहिली, खेळ राहिला नाही. त्यावर उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या चळवळीच्या युरोपीय निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. या चळवळीची मागणी स्वस्ताईची नाही. विकलेली वस्तू खेळण्याजोगी राहावी, एवढीच ती आहे. कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला कायदा तर सरळ शब्दावरच बोट ठेवतो : मिळतो तो परवाना आहे हे ग्राहकास स्पष्ट सांगितल्यावाचून विक्रेत्याने 'विकत घ्या' हा शब्द वापरू नये. क्रियापदाच्या अर्थासाठी कायदा व्हावा, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी अवश्य नोंदवावी.

मराठीत हे वळण अद्याप आलेले दिसत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा थांबली. त्या वेळी लोकांच्या तोंडी वाक्य होते ते 'पबजी बंद झाला' असे. या रचनेत कर्ता नाही : ना सरकार, ना कंपनी. 'घेतला' म्हणताना गाळलेले पद आणि 'बंद झाला' म्हणताना गाळलेला कर्ता, यांच्यामध्ये खेळाडूने भरलेले पैसे कोठे गेले हे विचारण्यास वाक्यात जागाच उरत नाही. पुढे जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' आला, तेव्हा जुने खाते नव्यात नेण्याची मुभा कंपनीने दिली. तिलाही 'परत मिळाले' असेच म्हटले गेले.