वेरूळची गुहा, मुक्काम ओहायो

भुतांविषयी बँकेतल्या माणसाने वाईट बोलू नये. वीस वर्षे मी कर्जविभागाच्या आसपास वावरतो आहे, पण एकाही भुताने हप्ता थकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. थकवले ते सगळे हाडामांसाच्या माणसांनी, आणि तेही दोन-दोन जामीनदार देऊन! त्यामुळे भुताखेतांच्या पुस्तकांकडे मी मुळातच जरा प्रेमाने बघतो. बुककीपिंगच्या पुस्तकाच्या पोटात नारायण धारप दडवून वाचलेला माणूस मी. (तरी बुककीपिंग कच्चे राहिले नाही, हा धारपांचा मोठेपणा.)

इंग्रजीत या प्रांताला एक निराळाच फाटा फुटला आहे. त्याला पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात. फरक एवढाच की आपल्याकडचे भूत पिंपळावर असते, तिकडचे प्रेमात असते. नायक म्हणजे रक्त पिणारे पिशाच्च, नाहीतर पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा एखादा देखणा गृहस्थ. नायिका मात्र शेजारच्या ऑफिसात बसत असेल असे वाटावे अशी साधी नोकरदार मुलगी. पान १२ वर दोघे भेटतात, पान ४० वर तो तिच्या मानेकडे बघून उसासा टाकतो आणि पान ३०० वर त्यांचे जमते. मधल्या पानांत काय होते ते इथे लिहीत नाही, कारण हा लेख आमच्या घरीही वाचला जातो.

या पुस्तकांवर समीक्षक नाके मुरडतात. म्हणतात, यात वास्तव नाही. माझी हरकत वेगळी आहे. यात केवायसी नाही! नायक चारशे वर्षांचा असतो. त्याने खाते उघडताना जन्मतारखेच्या रकान्यात काय भरले? पेन्शनर असेल तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला त्याला यावे लागणार. दिवसा तो बाहेर पडत नाही आणि रात्री आम्ही उघडत नाही. समजा आलाच, तर त्याला 'हयात' म्हणून सही द्यायची की नाही याबद्दल वरून परिपत्रक आलेले नाही.

त्याच्या श्रीमंतीचे कोडे मात्र मला एका दुपारी कॅल्क्युलेटरवर सुटले. शंभर रुपये, पाच टक्के दराने, वार्षिक चक्रवाढ, मुदत चारशे वर्षे. करून बघा. जवळजवळ तीन हजार कोटी होतात. एवढ्या ठेवीच्या माणसावर नायिका भाळली तर तिला का नावे ठेवा? आमचे मॅनेजरसाहेब स्वतः नारळ घेऊन त्याच्या शवपेटीपाशी गेले असते.

चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. या पुस्तकांत जी चांगली असतात ती दोन नियम फार कसोशीने पाळतात. पहिला नियम, शेवट सुखाचा. दिवसभर नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास असे सगळे उरकून जी बाई रात्री अकराला पुस्तक उघडते, तिने त्या सुखाचे पैसे आधीच मोजलेले असतात. दुसरा नियम, जादू फुकट मिळत नाही. वर मागितला की मोल आले, शब्द दिला की तो पाळणे आले. ज्याने चेटकिणीकडून उसने घेतले आणि परत केले नाही, त्याचे पुढे काय झाले हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. माझ्यासारख्या बीकॉमवाल्याला यात वास्तव कमी दिसत नाही. मला यात चक्क डबल एंट्री दिसते. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे आहेच.

प्रश्न एवढाच, की हा नियम पुस्तकाच्या आत जितका पाळला जातो, तितका पुस्तक काढणाऱ्याच्या कचेरीत पाळला जातो का?

असली पुस्तके पुष्कळदा छोटे प्रकाशक काढतात. मोठ्यांना ती आधी चावट वाटतात, मग खपाऊ वाटतात, आणि या दोन वाटण्यांच्या मधल्या काळात छोटा प्रकाशक जन्माला येतो. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले, अ‍ॅक्रन गावचे. टीना एंगलर नावाच्या बाई जेड ब्लॅक या टोपणनावाने लिहीत. प्रकाशकांकडून हस्तलिखिते परत येत. कारण एकच, शृंगार फार उघड. पोस्टमनला रोज रोज त्रास नको म्हणून की काय, बाईंनी २००० साली स्वतःच प्रकाशन काढले. त्याचे नाव ठेवले 'एलोराज केव्ह'. होय, आपल्या वेरूळवरूनच!

आम्ही सहलीला वेरूळला गेलो तेव्हा सरांनी चौतीस लेणी, राष्ट्रकूट राजे आणि डब्यातले खाऊ नका एवढेच सांगितले होते. पण कैलास लेण्याच्या भिंतींवर जी काही युगुले कोरलेली आहेत, ती सरांनी भराभर पुढे नेऊन आमच्यापासून वाचवली, ती थेट ओहायोत पोचली म्हणायची. नाव एवढे मनावर घेतले गेले की वाचकांच्या संमेलनांत या प्रकाशनाचे पिळदार मॉडेल 'केव्हमेन', म्हणजे गुहापुरुष, म्हणून मिरवत. आपल्या साहित्य संमेलनात असला प्रयोग करायचा म्हटला तर उमेदवार कुठून आणायचे हा प्रश्नच आहे.

हसण्याचा भाग सोडला तर बाईंची दृष्टी मोठी होती, हे कबूल केले पाहिजे. किंडल बाजारात आले २००७ साली. त्याच्या सात वर्षे आधी या बाई संगणकावर वाचायची पुस्तके विकू लागल्या. कागद नाही, गोदाम नाही, दुकानदाराकडून परत येणाऱ्या प्रतींचे गठ्ठे नाहीत. लेखिकेला ई-पुस्तकावर साडेसदतीस टक्के रॉयल्टी! स्वस्त छापील पुस्तकावर सहा-आठ टक्के मिळण्याची सवय असलेल्या जमातीला हे आकडे परीकथेतलेच वाटले असणार. ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते अशा कितीतरी बायकांना इथे दार मिळाले. काहींनी त्या पैशांवर नोकऱ्या सोडल्या. (इथे मी एक उसासा टाकला, तो छापू नये.)

मग २०१४ साल उजाडले. अ‍ॅमेझॉनवरची विक्री एकदम घसरली असे प्रकाशनाने सांगितले आणि संपादक मंडळींना कमी केले. रॉयल्टी वेळेवर येत नाही अशी लेखिकांची तक्रार ऐकू येऊ लागली. पुस्तकांवर लिहिणाऱ्या एका बाईंनी त्यावर सविस्तर लिहिले, तेव्हा प्रकाशनाने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. वाचकांनी आणि लेखकांनी वर्गणी काढून त्या बाईंच्या वकिलाचा खर्च उचलायला हातभार लावला. २०१५ साली दावा समझोत्याने मिटला आणि २०१६ च्या शेवटी गुहेला कुलूप लागले. कोणाचे किती देणे होते याचा निवाडा करायला मी न्यायाधीश नाही, आणि जे न्यायाधीश होते त्यांच्यावरही तो करायची पाळी आली नाही.

कैलास लेणे वरून खाली कोरत आणलेले आहे. आधी कळस, मग पाया. शिल्पकाराला ते साधले, कारण खाली अख्खा डोंगर शाबूत होता. प्रकाशनाचे तसे नसते. असला धंदा कसा चालतो बघा. पुस्तक आज विकले जाते. विकणारा दुकानदार ते पैसे दोन-तीन महिन्यांनी प्रकाशकाला देतो. त्यातला लेखकाचा वाटा प्रकाशकाने पुढे पाठवायचा. मधल्या काळात ती रक्कम प्रकाशकाच्या खात्यात पडून असते आणि पासबुकात फार गोंडस दिसते. तिच्यावर 'परक्याची ठेव' असा शिक्का नसतो. धंदा चढता असला की कोणाच्या पैशातून कोणाचे बिल भागले हे कळत नाही, कारण मागून नवे येतच असते. विक्री थांबली की मात्र खड्डा दिसतो, आणि तो नेमका लेखकाच्या वाट्याएवढा असतो. हे कुठल्या एका प्रकाशनाचे वर्णन नाही. हे या धंद्याचे गणितच आहे. म्हणूनच इथे पैसे आल्या दिवशी वेगळे काढावे लागतात.

आमच्या बँकेतही एक सस्पेन्स खाते असते. कुठे टाकावी हे कळत नाही ती रक्कम तात्पुरती तिथे टाकायची. पण तिथला सस्पेन्स वाढू द्यायचा नाही असा दंडक आहे. तपासनीस आला की आधी तेच उघडतो. प्रकाशकाने सस्पेन्स कथेत खुशाल वाढवावा. रॉयल्टीच्या खात्यात वाढवू नये.

याच्या उलट उदाहरण जुने आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट हा भयकथांचा लेखक १९३७ साली वारला. त्याच्या कथा पुस्तकरूपाने काढायला मोठे प्रकाशक तयार होईनात. तेव्हा विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी नावाच्या लहानशा गावातल्या ऑगस्ट डर्लेथ या तिशीच्या लेखकाने डोनाल्ड वॉन्ड्री या मित्राला हाताशी धरून १९३९ साली 'अर्कहॅम हाऊस' काढले. नाव लव्हक्राफ्टच्या कथांतल्या काल्पनिक गावाचे. पैसे कुठले? डर्लेथने घर बांधायला गावातल्या बँकेतून कर्ज काढले होते, त्यातले वळवले! आमच्याकडे याला 'कर्जाचा मंजूर कारणाव्यतिरिक्त विनियोग' म्हणतात आणि लाल शाईने लिहितात. पुस्तकाच्या प्रती काढल्या १२६८. किंमत पाच डॉलर. आगाऊ मागणी जेमतेम दीडशेची. सगळ्या प्रती खपायला चारेक वर्षे लागली. आज त्याच पुस्तकाच्या एकेका प्रतीला संग्राहक हजारो डॉलर मोजतात, पण ते डर्लेथच्या खात्यात जमा होत नाहीत. तो स्वतःच्या लेखनाची कमाई प्रकाशनात ओतत राहिला आणि १९७१ साली मरेपर्यंत त्याने ते चालवले.

मला या माणसाचे कौतुक त्याच्या भुतांमुळे नाही. त्याने स्वप्न पाहिले, आणि त्यासाठी टांगणीला लावले ते स्वतःचे घर. स्वप्न ज्याचे, जोखीम त्याची. छोट्या प्रकाशनाला याहून वेगळा पाया मला तरी माहीत नाही. तिकडे ओहायोत वाचकाला सुखान्ताची हमी होती. लेखिकेला ती कोणी दिली नव्हती, आणि माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली खरी भयकथा तीच आहे. त्यातही छापील पुस्तकाचे एक बरे असते. प्रकाशक बुडाला तरी कुठल्यातरी लायब्ररीत फाटक्या पुठ्ठ्यानिशी ते उरते. ई-पुस्तकाचे दुकान बंद झाले की पुस्तक विकत मिळेनासेच होते. हक्क परत मिळवून, नवा घरोबा शोधून, बिचारीने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची.

हे सगळे मला आठवायचे कारण आमचा भाचा. इंजिनीअर आहे, म्हणजे दुसरे काहीतरी करणार हे उघडच होते. परवा येऊन म्हणाला, "मामा, मी प्रकाशन काढतोय. मराठीत फॅन्टसी. राक्षस, यक्षिणी, आणि प्रेम."

"कर्ज हवंय?" मी धंद्याचा प्रश्न विचारला.

"मिळेल?"

"तारण काय देणार?"

"पाच हस्तलिखितं आहेत. त्यातलं एक फार भारी आहे मामा. यक्षिणी चाळीत राहते."

यक्षिणी चाळीत राहते ही कल्पना मला मनापासून आवडली. तरी मी त्याला म्हटले, "अरे, आधी दोन खाती उघड. एक तुझं, एक लेखकांचं. पैसे आले की त्याच दिवशी त्यांचा वाटा त्यांच्या खात्यात. तुझ्या घराचं भाडं थकलं तरी त्याला हात लावायचा नाही. चेटकिणीचं उसनं आहे असं समज."

त्याने ते मोबाईलवर टिपून घेतले. मग जरा वेळाने लाडात येऊन म्हणाला, "मामा, तुम्हीही लिहा ना आमच्यासाठी. बँकेतलं भूत वगैरे."

"लिहीन की. रॉयल्टी कोणत्या तारखेला जमा होणार?"

"ते अजून ठरवलं नाही."

"मग माझं भूतही अजून मेलेलं नाही," मी म्हटले. "तारीख ठरव, मी त्याला मारून ठेवतो."