‘वाढणे’ : वृद्धी आणि वाटणी

मराठीत विस्तारवाचक क्रियापदे पुष्कळ आहेत. पाणी पसरते, साथ फैलावते, वेल फोफावते, अनाचार बोकाळतो. या सर्वांत अर्थदृष्ट्या विलक्षण क्रियापद ‘वाढणे’ हे होय. मूल वाढते, ऊन वाढते, हे सरळ आहे. परंतु पूजेत नारळ वाढवतात, हातातली बांगडी ‘वाढते’ आणि आई पानात भात वाढते, तेव्हा वृद्धी कशाची होते?

धातुपाठात चुरादिगणातील ‘वर्ध्’ धातूस छेदन व पूरण असे दोन अर्थ दिले आहेत. त्यावरून नारळ वाढवणे म्हणजे मुळात छेदणेच, असा तर्क करण्याचा मोह होतो. पण तो टिकत नाही. हिंदीत दिवा मालवण्याला आणि दुकान बंद करण्यालाही ‘बढ़ाना’ म्हणतात. तेथे छेदनाचा संबंध नाही. फुटणे, विझणे, मिटणे हे अशुभ शब्द टाळण्याची लोकरीत, हेच येथे खरे कारण दिसते.

अन्न वाढण्याची गोष्ट निराळी. तेथे टाळावे असे अशुभ काही नाही. रचनाही भिन्न आहे : ‘मुलगा वाढला’ यात क्रियापद अकर्मक, तर ‘आईने भात वाढला’ यात सकर्मक. हिंदी ‘परोसना’ व गुजराती ‘पीरसवुं’ ही ‘परिवेषण’ या शब्दाच्या कुळातली; मराठीने ती वाट धरली नाही. येथे ‘पूरण’ हा अर्थ अधिक जुळतो, असे माझे मत आहे. भांड्यातले उणे होते आणि पान भरते.

हा विचार केवळ व्युत्पत्तीच्या हौसेचा नव्हे. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांतील मुलांच्या तोंडी ‘परोसणे’ सहज येते. तो शब्द वाईट आहे असे नाही. पण त्याच्यामागून ‘वाढणे’ गेले, तर त्याच्याबरोबर ‘वाढपी’ जातो, ‘भिक्षा वाढा’ ही हाक जाते, आणि ‘नशिबात काय वाढून ठेवले आहे’ हा वाक्प्रचार अर्थहीन होतो. दैव हे यजमान आणि आपण पानावर बसलेले, ही त्यातील कल्पना ‘परोसण्या’त उतरत नाही.

म्हणून शिक्षकांनी ‘वाढणे म्हणजे वृद्धी पावणे’ एवढ्यावर थांबू नये. पंक्तीतला अर्थही त्याच तासाला सांगावा. आपल्या भाषेने वृद्धीला आणि दुसऱ्याच्या पानात घालण्याला एकच शब्द योजला, हे मुलांना कळले पाहिजे.