काजव्यांचीं छायाचित्रें

अहिल्यानगर जिल्ह्यांतील भंडारदऱ्याच्या रानांत मृगाच्या तोंडावर काजवे चमकूं लागतात, आणि हौशी मंडळींनीं टिपलेलीं त्यांचीं छायाचित्रें घरोघरच्या मोबाइलवर येऊन पोंचतात. चित्रांतला हिरडा वा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सोन्यानें मढलेला असतो. प्रत्यक्षांत एका क्षणीं तो तसा कोणासही दिसत नाहीं. एकाच जागेवरून टिपलेल्या कित्येक प्रतिमा एकावर एक चढवून पुष्कळदां हें वैभव सिद्ध होतें. यास आम्ही लबाडी म्हणत नाहीं. बराच वेळ प्रकाश सांठवून चित्र घेणें ही या कलेची जुनीच रीत आहे. परंतु चित्राखालीं तसें लिहिलेलें आम्हांस क्वचितच आढळलें, आणि आमचा आक्षेप आहे तो येथेंच. काजव्याचा प्रकाश म्हणजे नरानें मादीला घातलेली साद. तींत चमकण्याइतकेंच विझण्यालाही महत्त्व. चित्रांत विझणें उरतच नाहीं. मग तें पाहून आलेल्या पाहुण्यास समोरचें झाड फिकें वाटतें. तो विजेरी लावतो, मोटारीचे दिवे सोडतो, आणि त्या उजेडांत मादीचें उत्तर नराला दिसेनासें होतें. आम्हांस मनापासून आवडलेल्या एका चित्रांत काळ्याभोर फांदीवर अवघे सात ठिपके होते. बाकी सारा अंधार.