चार गुण

आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे नाटक १९४९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले व त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. फराळाच्या ताटाशेजारी हे दुःखान्त प्रकरण कशाला, असे एखाद्या वहिनी म्हणतील. पण हा घरातलाच विषय आहे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेवढ्यावरही नाटक समजते, कारण त्यातली माणसे घरात बोलतात तशी बोलतात.

विली लोमन हा त्रेसष्ट वर्षांचा फिरता विक्रेता. थोरला मुलगा बिफ शाळेत फुटबॉलचा गाजलेला खेळाडू; तीन विद्यापीठे शिष्यवृत्ती द्यायला तयार. गणितात मात्र त्याला ६१ गुण पडतात. हवे असतात ६५. पोरगा बापाला गाठायला थेट बोस्टनला जातो. कशासाठी? तर बापाने येऊन मास्तरांशी बोलावे म्हणून! जग आपल्यासाठी वाकते असे ज्याला लहानपणापासून ऐकवले, त्याला सुटीतल्या वर्गात बसण्याआधी बापाची जीभ आठवते. निकालानंतर शाळेच्या व्हरांड्यात घुटमळणारे असे बाप आम्हा शिक्षकांना नवे नाहीत.

बोस्टनच्या हॉटेलात बापाच्या खोलीत परकी बाई दिसते आणि बिफ मोडतो. येथे मात्र मिलरशी माझे जमत नाही. सबंध आयुष्याची पडझड एका धक्क्यावर टांगणे, ही नाटककाराची सोय झाली. बिफने शाळेतला चेंडू उचलून आणला तेव्हा बाप हसला होता, त्याची बाजू घेतली होती. पडझड तिथे सुरू झाली, आणि ती मिलरनेच दाखवली आहे.

त्याची खरी ताकद पुढे दिसते. चौतीस वर्षांचा बिफ धंद्यासाठी कर्ज मागायला जुन्या मालकाकडे जातो. दिवसभर ताटकळतो. मालक त्याला ओळखतही नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात येते की आपण तिथे विक्रेते कधीच नव्हतो, माल रवाना करणारे साधे कारकून होतो. घरात इतकी वर्षे तेच बोलले गेले, म्हणून त्यालाही ते खरे वाटू लागले होते. मुलाने काय व्हावे याची स्वप्ने सगळेच बाप पाहतात. इथे तर मुलगा कोण होता याची आठवणसुद्धा बापाच्या स्वप्नाने बदलून टाकली आहे. मालकाचे पेन चोरून बिफ अकरा मजले धावत उतरतो, तो प्रसंग मी अनेकदा वाचला. कादंबरीकार म्हणून हेवा वाटतो.

शेजारचा बर्नार्ड, अभ्यासू आणि चिडवला जाणारा, पुढे मोठा वकील होतो. त्याच्या बापाने म्हणे मुलात कधी फारसे लक्षच घातले नाही. हे मला पटत नाही. हे पात्र तुलनेसाठी घडवलेले दिसते. अशी तुलना मिलरने घरात भोगली होती. मॅनी न्यूमन या सेल्समन नातेवाइकाच्या मनात आपली मुले व मिलर बंधू यांची शर्यत अखंड चाले, असे त्याने १९८७ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. विलीचा उगम तिथला.

धाकट्या हॅपीकडे मात्र टीकाकारांनी पाहावे तितके पाहिलेले नाही. त्याच्यावर बापाने स्वप्न रचलेच नाही. आपले वजन उतरले, हे पोर बापाला पुनःपुन्हा सांगते. बाप दुसरीकडे बघत असतो. विम्याचे वीस हजार डॉलर मुलाला मिळावेत म्हणून विली मोटार घेऊन मरायला जातो, तेही थोरल्यासाठीच. आणि थडग्यापाशी, बिफ ते स्वप्न टाकून मोकळा होत असता, बापाचे स्वप्न आपण पुरे करू अशी प्रतिज्ञा करतो तो हॅपी. बिफ त्याच्याकडे हताशपणे पाहतो आणि आईकडे वळतो.