डिस्क बदलायची का? आधी ती कुठून आली ते विचारा

मागच्या वर्षी माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणातली अकरा पानं मला काढून टाकावी लागली. वाँग कार-वायच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) मधल्या हिरवट छटेवर ती लिहिली होती. बोळातला हिरवटपणा, भिंतींवरचा हिरवटपणा, त्यातून जाणवणारा कोंडमारा वगैरे. मला ती पानं फार आवडायची. मार्गदर्शक मॅडमनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला, “हे कोणत्या डिस्कवरून लिहिलंयस?”

मी नव्या फोर-के रिस्टोरेशनवरून लिहिलं होतं. मॅडमनी कपाटातून २०१२ ची ब्लू-रे काढली आणि तेच प्रसंग लावले. तिथे रंग उबदार होते, तांबूस होते आणि मी ज्यावर अकरा पानं लिहिली ती छटा जवळपास नव्हतीच. माझा दावा होता की २००० सालच्या प्रेक्षकाला हा रंग असा असा जाणवला असेल. त्या प्रेक्षकाने तो असा पाहिला होता याचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता.

हे सांगायचं कारण म्हणजे संशोधनाकडे वळू पाहणारे बरेच जण मला विचारतात, “माझ्याकडे ब्लू-रे आहेत, आता फोर-के डिस्क घ्यायच्या का?” प्रश्न पैशांचा आहेच. प्लेअर, टीव्ही आणि डिस्क असा तिहेरी खर्च आहे आणि फेलोशिप कधी जमा होईल ते देवच जाणे. पण हा प्रश्न पुराव्याचाही आहे, म्हणून जरा नीट बघू.

आधी आकडे. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रचौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असतात. ब्लू-रेवर (२००६ पासून) १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. फोर-के डिस्कवर (२०१६ पासून) ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. पहिली उडी पाचपट, दुसरी चौपट. कागदावर दोन्ही सारख्याच वाटतात, डोळ्याला तशा वाटत नाहीत. सामान्य दृष्टीला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो असं धरतात. त्या हिशेबाने ४३ इंची टीव्हीपासून साडेपाच-सहा फुटांपलीकडे बसलात, तर ब्लू-रेचे बिंदूसुद्धा वेगळे दिसणार नाहीत. मग जास्तीचे बिंदू कुणासाठी? स्वतःच्या खोलीत टेप लावून अंतर मोजा. हे काम फुकटात होतं.

मात्र फोर-के डिस्कचा दुसरा फायदा अंतरावर अवलंबून नाही. ब्लू-रेवर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, फोर-के डिस्कवर १०२४. उजेड आणि अंधार यांच्यातला पल्लाही मोठा मिळतो. रात्रीचं दृश्य, दिव्याभोवतीचं वलय, आभाळातली हळूहळू बदलणारी छटा इथे फरक खरंच दिसतो. पण तो दाखवायला टीव्हीही तेवढा सक्षम हवा. स्वस्त टीव्हीवर ‘एचडीआर’ असा शिक्का असतो आणि प्रत्यक्षात चित्र नुसतं काळपट होतं.

आता मुख्य मुद्दा. डिस्क म्हणजे डबा. डब्यात काय भरलंय ते डब्यावरून कळत नाही. ३५ मिमी निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून बनवलेली फोर-के डिस्क ही एक गोष्ट. पण साधारण २००० नंतरचे कित्येक चित्रपट संगणकावर टू-के प्रतीतच अंतिम झाले. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ (२०००) हे त्याचं सुरुवातीचं ठळक उदाहरण. अशा चित्रपटाची फोर-के डिस्क टू-के प्रतीवरूनच काढली असेल, तर ती बहुधा मोठी करून दाखवलेली टू-केच असते. रंगांत सुधारणा मिळेल, तपशिलात फारसं काही नाही.

दुसरी अडचण साफसफाईची. फिल्मवरचे कण, म्हणजे ग्रेन, ही घाण नव्हे. चित्र त्या कणांनीच बनलेलं असतं. ‘प्रेडेटर’ (१९८७) ची २०१० सालची ब्लू-रे आठवा. कण पुसता पुसता माणसांची कातडी मेणासारखी झाली. २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’च्या फोर-के डिस्क आल्या, तेव्हाही हीच तक्रार झाली. चेहऱ्यांवर मूळ फिल्ममध्ये नसलेला कडकपणा संगणकाने आणून ठेवला असं अनेक संग्राहकांचं म्हणणं. नवं स्वरूप, जास्त बिंदू, आणि तरीही मूळ फिल्मपासून लांब.

इथे कुणी म्हणेल, “पण दिग्दर्शकाने मान्यता दिली आहे ना?” दिली आहे. वाँग कार-वायनेही दिली होती. उलट त्याने मोकळेपणाने सांगितलं की हे चित्रपट तो आजच्या नजरेने पुन्हा मांडतोय. ‘फॉलन एंजल्स’ (१९९५) ची तर चौकटच त्याने १.८५ वरून २.३९ केली. तो त्याचा हक्क. पण १९९५ बद्दल विधान करायचं असेल तर ती आवृत्ती आपल्या कामाची नाही. शिवाय मान्यता देणारे सगळे एकमताचे असतातच असं नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) ची २००९ ची ब्लू-रे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने स्वतः रंग बदलून काढली आणि छायाचित्रणकार ओवेन रॉइझमनने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे २०१२ मध्ये वेगळ्या रंगांची डिस्क आली. यातली ‘खरी’ कोणती, हा प्रश्न दुकानात सुटणारा नाही.

याचा अर्थ नवं ते वाईट, असा अजिबात घेऊ नका. ‘पथेर पांचाली’ (१९५५) सह अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत जळाल्या. त्यातून जे वाचलं, त्यावर इटलीतल्या बोलोन्याला हातांनी दुरुस्ती झाली, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे इतर प्रतींमधून भर घातली गेली आणि २०१५ मध्ये नवं फोर-के रिस्टोरेशन लोकांसमोर आलं. इथे जुन्या डीव्हीडीला चिकटून राहण्यात काहीच शहाणपण नाही. गंमत म्हणजे तेव्हा ते डिस्कवर साध्या ब्लू-रेच्या रूपात आलं. सुधारणा स्कॅनमध्ये आणि हातकामात होती, डिस्कच्या प्रकारात नव्हती.

आणि मराठी चित्रपटांवर काम करणाऱ्यांनो, तुमच्यापुढे हा पेच बहुतेक वेळा येणारच नाही. माझ्याकडच्या जुन्या मराठी चित्रपटांपैकी बरेचसे व्हीसीडीवर आहेत, ३५२ गुणिले २८८. त्यावरून कथानक, संवाद, गाणी यांवर लिहा. प्रकाशयोजनेवर लिहायचं असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात प्रत पाहायला मिळते का ते आधी विचारा.

मग करायचं काय? मी आता असं करते. नव्या डिस्कचं स्कॅन कशावरून झालं, कोणत्या वर्षी, रंग कुणी ठरवले, हे शोधते. निगेटिव्हवरून नवं स्कॅन असेल आणि त्या चित्रपटावर माझं काम असेल तरच घेते. नुसतं पाहायचं असेल तर ब्लू-रे पुरते. टिपणांत चित्रपटाच्या नावापुढे डिस्कचं वर्ष लिहिते. आणि नवी आली म्हणून जुनी विकत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. ऑनलाइन प्रत एका रात्रीत बदलली तरी आपल्याला कळत नाही. कपाटातली डिस्क बदलत नाही.

मॅडमनी त्या दिवशी जुनी डिस्क विकून टाकलेली असती, तर ती अकरा पानं आज प्रबंधात असती आणि चुकीचीच असती. आता त्यांच्या जागी चार पानं आहेत, एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांतल्या रंगांवर.

तुमच्या टिपणांत शेवटचा उल्लेख केलेला चित्रपट कोणता? तो कोणत्या डिस्कवरून पाहिला, हे तुम्हाला आत्ता सांगता येतं का? नसेल तर नवी डिस्क मागवण्याआधी तेवढं शोधून ठेवा.