बंगला वाचला, रिक्षा अडकली: पोलिसांच्या जप्तीला मर्यादा किती?

अटक झाली तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण पोलिसांनी गाडी नेली, मोबाईल ठेवून घेतला किंवा बँकेतले खाते गोठवले, तर अशी काही मुदत असते का, असे विचारले की भलेभले गप्प होतात. आज आपण त्याच प्रश्नाकडे वळू. त्यासाठी आम्ही एक निकाल समोर ठेवला आहे: 'नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य', सर्वोच्च न्यायालय, २४ सप्टेंबर २०१९. निकाल चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमची तक्रार आहे ती तो जिथे थांबला त्याबद्दल.

आधी कायदा पाहू. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०२ सांगत होते की, चोरीची असल्याचा आरोप किंवा संशय असलेली, किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली 'कोणतीही मालमत्ता' पोलीस अधिकारी जप्त करू शकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हेच कलम १०६ म्हणून तिच्यात आले. शब्द जवळजवळ तेच. इथे 'संशय' या शब्दाकडे लक्ष द्या. पुरावा नाही, दोषसिद्धी नाही, नुसता संशय. तेवढ्यावर वस्तू मालकाच्या हातून जाते, आणि आधी कुणा न्यायाधीशाची परवानगी लागत नाही.

आता 'कोणतीही मालमत्ता' यात जमीन, फ्लॅट, दुकानाचा गाळा येतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१० मध्ये बहुमताने सांगितले, नाही येत. त्याविरुद्ध प्रकरण दिल्लीला गेले. तिथे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने उच्च न्यायालयाचेच म्हणणे उचलून धरले. स्थावर मालमत्तेची कागदपत्रे पोलीस ताब्यात घेऊ शकतात, पण घराला सील ठोकून माणसाला बाहेर काढू शकत नाहीत. घर-जमिनीवर टाच आणायची असेल तर १९४४ चा अध्यादेश आहे, फरारी आरोपीसाठी वेगळे कलम आहे, इतर विशेष कायदे आहेत. त्या वाटा बहुतेक न्यायालयातून जातात, म्हणजे कुणीतरी दुसरा माणूस पोलिसांचे म्हणणे तपासतो.

निकालात दोन कारणे आहेत, आणि ती वेगळी करून पाहायला हवीत. पहिले कारण शब्दार्थाचे. जप्त करणे म्हणजे वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेऊन न्यायालयापुढे हजर करणे. जमीन उचलून नेता येत नाही, म्हणून ती या कलमात बसत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांच्या निकालाचा रोख असा की, हे कलम पुरावा गोळा करण्यासाठी आहे. मालकाला बेदखल करून मालकीहक्काचा निवाडा करणे हे तपास अधिकाऱ्याचे काम नव्हे. न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी वेगळ्या सहमतीच्या टिपणात धोका दाखवला: असा अधिकार पोलिसांना दिला तर घरमालक-भाडेकरूंची आणि वाटणीची भांडणे पोलीस ठाण्यात जातील आणि गोंधळ माजेल. महाराष्ट्रात ज्याने भाऊबंदकी पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आमची टीका इथून सुरू होते. दुसरे कारण खरे असेल, तर ते जंगम मालमत्तेलाही तितकेच लागू पडायला हवे. पोलिसाने जमिनीच्या मालकीचा निवाडा करू नये, तर रिक्षाच्या किंवा खात्यातल्या पैशांच्या मालकीचा तरी का करावा? पण निकालाचा भार शेवटी पहिल्या कारणाकडे झुकला, आणि रेषा आखली गेली ती वस्तू उचलता येते की नाही यावर. आता आपल्यातल्या बहुतेकांकडे काय असते ते पाहा. दुचाकी, मोबाईल, बँकेचे पासबुक, घरातल्या बाईचे चार दागिने. ज्याच्यावर पोट चालते ते सगळे उचलून नेता येणारे. बंगल्याला जे संरक्षण मिळाले ते रिक्षाला मिळाले नाही.

रिक्षाचे पुढे काय होते? कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात डोकावा. गंजलेल्या गाड्यांची रांग, टायर बसलेले, सीटमधून गवत उगवलेले. सर्वोच्च न्यायालयाने 'सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य' या प्रकरणात २००२ मध्येच सांगितले होते की मुद्देमाल गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवू नका. सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि वस्तू परत द्या. पंधरा दिवस ते महिना, त्याहून जास्त नको. त्या प्रकरणात आरोपी कोण होते? पोलीस कर्मचारीच. ठाण्यात ठेवलेल्या मुद्देमालातल्या मौल्यवान वस्तू बदलल्याचा त्यांच्यावर आरोप होता. म्हणजे वस्तू ठाण्यात आहे म्हणून ती सुरक्षित आहे, हेही गृहीत धरता येत नाही.

बँक खात्याचे दुखणे वेगळे. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी' या १९९९ च्या निकालाने बँक खाते ही कलम १०२ खालची 'मालमत्ता' ठरवली. तेव्हा यूपीआय नव्हते. आज समजा, एखाद्या भाजीवाल्याला गिऱ्हाइकाने क्यूआर कोडवर तीनशे रुपये दिले. ते पैसे दोन-तीन खाती फिरून आलेले फसवणुकीचे निघाले, तर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर त्याचे अख्खे खाते बंद होऊ शकते. तीनशेचा वाद, आणि अडकते महिन्याची कमाई. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितले की पोलिसांनी कळवलेल्या वादग्रस्त रकमेपुरतेच गोठवा. शहाणपणाची गोष्ट आहे. पण ती मिळवायला लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

कुणी म्हणेल, जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना 'ताबडतोब' द्यावी असे कलमातच आहे ना? आहे. पण ताबडतोब म्हणजे किती तास, हे ना जुन्या संहितेत होते, ना नव्या संहितेत आहे. आणि उशीर झाला तर? मद्रास उच्च न्यायालयाने उशिराच्या कारणावरून गोठवलेली खाती खुली केली होती. मे २०२४ मध्ये 'शेंटो वर्गीस' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. उशीर झाला एवढ्याने जप्ती रद्द होत नाही. अधिकाऱ्याने खुलासा द्यावा, तो पटला नाही तर त्याच्यावर कारवाई व्हावी. आम्हाला हे पटत नाही. कारवाई झालीच तर अधिकाऱ्यावर होईल, खाते मात्र बंदच राहील. नियम मोडल्याचा फटका ज्याचा काही दोष नाही त्यालाच बसतो.

नव्या संहितेत काही चांगले आहे, तेही सांगायला हवे. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण कलम १०५ ने आवश्यक केले. कलम ४९७ नुसार मालमत्ता न्यायालयापुढे आली की चौदा दिवसांत तिची यादी, फोटो आणि व्हिडिओ, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. पण घड्याळ सुरू होते ते वस्तू न्यायालयापुढे आल्यावर. ठाण्याच्या आवारातच पडून राहिलेल्या गाडीसाठी ते सुरूच होत नाही.

कलम १०७ कडे आमचे अधिक लक्ष आहे. गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेवर टाच आणण्यासाठी अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या मंजुरीने पोलीस न्यायालयात अर्ज करतात, आणि मालकाला चौदा दिवसांची नोटीस मिळते. इथे न्यायालय आधी येते, हे बरे झाले. पण नोटिशीने हेतू फसेल असे वाटले तर एकतर्फी हंगामी आदेशही होतो. पुढे न्यायालयाने ती गुन्ह्याची मिळकत ठरवली की जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी म्हणून, साठ दिवसांत ती पीडितांना वाटतात. दावेदार नसेल किंवा काही उरले तर ते सरकारजमा. यात दोषसिद्धीची अट कुठेही लिहिलेली नाही. मनी लाँडरिंगचा कायदा कडक म्हणून ओळखला जातो, पण मालमत्ता सरकारजमा करण्यासाठी त्यातसुद्धा साधारणपणे खटल्याचा शेवट गाठावा लागतो. उद्या आरोपी निर्दोष सुटला आणि पैसे वाटून झालेले असले, तर ते कुणाकडून परत आणायचे?

विरुद्ध बाजू आम्ही नाकारत नाही. सायबर फसवणुकीत पैसा मिनिटांत दहा खात्यांत पांगतो. १९३० वर फोन करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी वाचवायची तर आधी गोठवावेच लागेल; न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहून चालणार नाही. मान्य. पण घाई पहिल्या तासाला लागते. दहाव्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात खाते बंद ठेवायला त्या घाईचे कारण पुरत नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. 'ताबडतोब'ला तासांचा आकडा द्या, आणि मुदतीत दंडाधिकाऱ्यांना कळवले नाही तर जप्ती आपोआप उठू द्या. वादग्रस्त रकमेपलीकडे हात लावू नका. सरकारजमा किंवा वाटप दोषसिद्धीनंतरच करा. पीडिताला लवकर पैसे द्यायचेच असतील तर हमी घेऊन द्या. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, पण अनुच्छेद ३००अ राहिला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. अधिकाऱ्याने स्वतःच्या संशयावर हवे तितके दिवस वस्तू अडवून ठेवणे या 'कायद्याच्या अधिकारात' बसते का, हा प्रश्न नेवाडाच्या निकालाने जमिनीपुरता सोडवला. रिक्षावाल्यापुरता तो अजून कुणीतरी न्यायालयापुढे न्यायचा आहे.

तोवर एवढे तरी लक्षात ठेवा. जप्तीच्या यादीची प्रत मागा. वस्तू ठाण्यातच पडून असेल तर कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करता येतो, खटला संपायची वाट पाहावी लागत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.