मागच्या चाकाची रेघ

देशपांडे नगरातल्या आमच्या गल्लीत फूटपाथची एक कड आहे, वीतभर उंचीची. नव्या सायकलची पहिली परीक्षा मी तिथेच घेतली. सीटवर बसायचे, पॅडल मारायचे नाही, कडेवरून खाली रस्त्यावर उतरायचे आणि मागचा शॉक किती वेळा उसळतो ते कमरेने मोजायचे. पहिल्या फेरीला तो तीनदा उसळला. मी रिबाउंडचा लाल खटका दोन घरे आवळला आणि पुन्हा उतरलो. चौथ्या फेरीला सायकल एकदा दबली, एकदा वर आली आणि थांबली. ते थांबणे इतके नेमके होते की मी तिथेच पाय टेकून उभा राहिलो.

त्याआधी बारा वर्षे मी हार्डटेल चालवली. पुढे फोर्क आणि मागे ताठ त्रिकोण, म्हणजे मागच्या चाकाला लागलेला प्रत्येक दगड सरळ टाचेत आणि मणक्यात. हुबळीच्या आसपास दगडांना तोटा नाही आणि जातीही दोन. शहर उभे आहे तेच मुळी दोन जमिनींच्या सांध्यावर. पूर्वेला कुंदगोळ-नवलगुंदकडे येरी, म्हणजे काळी जमीन. पश्चिमेला कलघटगीकडे मसारी, म्हणजे तांबडी. येरीत पावसाळ्यात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या जातात, त्यांच्या चाकोऱ्या उन्हाळ्यात वाळून विटेसारख्या होतात. मसारीत पाण्याचे ओघळ आणि त्यांत सुटे मुरमाचे खडे. हार्डटेलवर या दोन्ही जमिनी मी पायांनी वाचायला शिकलो. गुडघे सैल ठेवायचे, दगड आला की टाच उचलून मागचे चाक हलके करायचे, आणि वाट आधीच नजरेने निवडायची. त्या सायकलने मला शिकवले, याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

मागेही शॉक असलेली ही फुल-सस्पेन्शन सायकल घेतली तेव्हा ओळखीचे सायकलवाले म्हणाले, आता तू गादीवर बसलास. हा समज मला मुळातूनच चुकीचा वाटतो. सस्पेन्शनचे पहिले काम अंगाला सुख देणे नाही. चाक जमिनीला टेकलेले ठेवणे हे आहे. दगडावर चढताना चाक वर जायला हवे, हे कोणालाही कळते. पण खड्डा आला की चाकाने खालीही जायला हवे, आणि सगळी खुबी त्यात आहे. म्हणून सॅग ठेवतात. माझ्या सायकलचे मागचे चाक १३० मिमी हलते, त्यासाठी शॉकचा दांडा ५० मिमी आत जातो. त्या दांड्यावर एक बारीक रबरी कडे असते. मी नुसता सीटवर बसलो की ते १५ मिमी सरकले पाहिजे, इतकी हवा शॉकमध्ये पंपाने भरायची. म्हणजे चाल सुरू होण्याआधीच चाक साधारण ३९ मिमी वर आलेले असते, आणि तेवढीच खाली जायची मुभा त्याच्याकडे राखून ठेवलेली असते. खड्ड्यात ताठ चाक क्षणभर अधांतरी राहते; हे चाक खड्ड्याचा तळ गाठते. तळ गाठला तरच ब्रेक लागतो आणि वळणावर टायर धरतो.

पण नुसती स्प्रिंग, मग ती पोलादाची असो की हवेची, घेतलेले सगळे परत करते. तिच्या भरवशावर राहिलो तर सायकल उड्या मारत सुटेल. खरी कलाकुसर आतल्या तेलात आहे. पिस्टनवर कागदासारख्या पातळ पोलादी चकत्यांची चवड असते. तेलाला तिच्यातून वाट काढावी लागते आणि त्या ओढाताणीत धक्क्याची ताकद उष्णता होऊन जाते. लांब उतार उतरल्यावर शॉकच्या नळीला हात लावून पाहा, ती कोमट लागते. वाटेतले सगळे दगड त्या कोमटपणात जिरलेले असतात. मला तो स्पर्श फार आवडतो.

रिबाउंड म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत यावा याचा हिशेब. जलद ठेवला तर सायकल लाथ मारते. फार सावकाश ठेवला तर लागोपाठच्या दगडांत शॉकला पूर्ण वर यायला सवड मिळत नाही, तो दबतच जातो आणि शेवटी अवघडून बसतो. मधली जागा एका-दोन घरांची. ती शोधताना मला हटकून तंबोऱ्याची जवारी आठवते. आमच्या या नगरात ते आठवणे साहजिकच आहे. गंगूबाई हनगल यांचे ‘गंगालहरी’ हे घर इथेच, त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांच्या नावाचे सभागृहही इथेच. तिथे बैठकीआधी तंबोरे लावताना ऐकत बसण्याची मला लहानपणापासून सवय. तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकतो, आणि नुसती वाजणारी तार बोलू लागते. खटक्याचे एक घरही तसेच. आमचा मेकॅनिक कानडीत समजावत होता, त्यातला एक शब्द मात्र मला कानडी म्हणून ऐकावाच लागला नाही: ‘सावकाश री.’ तो शब्द दोन्ही भाषांचा आहे.

आता चौकटीकडे वळतो, कारण माझे मन सर्वांत जास्त तिथे रमते. पुढचा फोर्क १९८९ साली पॉल टर्नरच्या रॉकशॉक्सने आरएस-१ आणला तेव्हापासून रुळला. तो प्रश्न तुलनेने सोपा होता. मागे अडचण अशी की त्याच चाकाला साखळी ओढते आणि ब्रेकही धरतो. सर्वांत साधी रचना एका सांध्याची: चाक एका दांड्याला, दांडा बिजागरीने फ्रेमला. उतारावर मागचा ब्रेक दाबला की ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, त्याच दांड्याला फिरवू पाहतो आणि सस्पेन्शन आखडते, नेमके हवे तेव्हाच. मोटोक्रॉसमधून आलेल्या होर्स्ट लाइटनरने १९९० च्या दशकात यावर जो उपाय रुजवला त्याला आजही होर्स्ट लिंक म्हणतात. त्याने खालच्या दांड्यावर, चाकाच्या आसाच्या किंचित पुढे, आणखी एक सांधा दिला. बदल एवढाच. पण त्यामुळे आस आणि कॅलिपर ज्या दांड्यावर बसतात तो दांडा फ्रेमला थेट जोडलेलाच राहिला नाही. दोन्ही टोकांनी तो दुसऱ्या दांड्यांवर तरंगतो. ब्रेकचा पीळ फ्रेमपर्यंत पोचतो तो सौम्य होऊन, आणि मागचे चाक ब्रेक लागलेला असतानाही खड्डे मोजत राहते. एका सांध्याची जागा बोटभर बदलून एवढे साधते, हे मला अजूनही विस्मयकारक वाटते. सायकल उलटी करून मी हे चार सांधे हाताने हलवत कितीतरी वेळ बसलेलो आहे.

उतारावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हार्डटेलवर जोरात ब्रेक दाबला की फक्त पुढचे टोक बुडते, हँडलचा कोन उभा होतो आणि आपण पुढे ओतले जातो. इथे दोन्ही टोके वापरात असतात, त्यामुळे सायकल आपली बैठक बरीचशी राखते. मला मात्र जुनी सवय मोडावी लागली. दगड दिसला की टाच आपोआप उचलली जायची, अंग मागे जायचे, आणि पुढचे चाक हलके होऊन वळणावर घसरायचे. मध्ये उभे राहून मागच्या चाकावर विश्वास टाकायला मला तीन महिने लागले.

चढाला ही सायकल डुलते, ताकद खाते, ही तक्रार जुनी आहे आणि जुन्या सायकलींपुरती खरीही. मुख्य सांधा योग्य उंचीवर असला तर साखळीचा ताण शॉकला वर ढकलतो आणि मागे सरकणारे वजन त्याला खाली दाबते. दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या माउंटन बाइक शर्यतीत यारोस्लाव कुल्हावीने फुल-सस्पेन्शनवर सुवर्ण घेतले, हार्डटेलवरच्या निनो शुर्टरपेक्षा अवघा एक सेकंद आधी, तेही अखेरच्या धावेत. २०१६ ला रिओत शुर्टर जिंकला तेव्हा त्याच्याखालीही फुल-सस्पेन्शनच होती.

तरी मी उणे बाजू लपवणार नाही. कुंदगोळकडच्या सपाट डांबरी रस्त्यावर उभे राहून पॅडल मारण्यात हार्डटेलचा जो ताठ प्रतिसाद होता तो मला आजही हवासा वाटतो. आणि येरीचा चिखल! मिरचीच्या रानांमधून पहिल्या पावसानंतर गेलो, तर काळी माती दांड्यांच्या फटीत अशी भरली की चाक फिरेना. हार्डटेलला बादलीभर पाणी पुरायचे. हिला अर्धा दिवस, जुना टूथब्रश आणि बेअरिंगला ग्रीस. काळ्या रानात पावसाळ्यात आता मी हिला नेत नाही.

हार्डटेल भाच्याकडे गेली. गेल्या रविवारी आम्ही दोघे कलघटगीच्या रस्त्याला एका मसारी उतारावर गेलो. रात्री दव पडून धूळ बसली होती. मी आधी उतरलो, मागून तो. खाली सायकली आडव्या टाकून आम्ही उतार पायी चढलो आणि टायरचे ठसे पाहत गेलो. ओघळ संपतो तिथे, ब्रेक मारायच्या जागी, लहान उंचवट्यांची रांग आहे. माझ्या मागच्या चाकाची रेघ त्यांच्यावरून खाचखळग्यांसकट अखंड गेली होती. त्याची रेघ प्रत्येक उंचवट्यामागे विरत होती, हातभर पुढे पुन्हा उमटत होती. एकाच ठिकाणी, डाव्या काठाच्या सपाट दगडाजवळ, त्याचीही रेघ तुटली नव्हती. तो तिथे उकिडवा बसला, दगडाकडे पाहिले, मग वर उताराच्या माथ्याकडे.

‘मामा, इथे मी काय केलं होतं?’ त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता सायकल आणायला खाली पळाला.